वेळ सांगून येत नाही : घरच्या तयारीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तयारी म्हणजे काय करायचं? टॉर्च, बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या आणून ठेवायच्या का?

टॉर्च आणा, हरकत नाही. पण त्याआधी आज रात्री जेवताना घरातल्या प्रत्येकाला तीन गोष्टी विचारा. सिलिंडरचा रेग्युलेटर कसा काढायचा? लाइटचा मेन स्विच कुठे आहे? आरोग्य विम्याचं कार्ड कुठल्या कपाटात आहे? बहुतेक घरांत पहिल्याचं उत्तर आईला येतं, दुसऱ्याचं बाबांना आणि तिसऱ्याचं ज्यानं पॉलिसी काढली त्यालाच. आणि वेळ येते तेव्हा नेमका तोच स्ट्रेचरवर असतो. घरातली माहिती एकाच माणसाच्या डोक्यात असणं हे आपल्याकडचं जुनं दुखणं आहे. खालच्या निम्म्या उत्तरांत ते पुन्हा पुन्हा डोकावेल, त्याला इलाज नाही.

कुठले नंबर पाठ असावेत?

११२ (पोलीस, आग, रुग्णवाहिका, सगळ्यासाठी एकच), १०८ (महाराष्ट्रातली मोफत रुग्णवाहिका), १०१ (अग्निशमन), १९०६ (गॅसगळती), १९३० (ऑनलाइन फसवणूक). हे कागदावर लिहून स्वयंपाकघराच्या दाराला आतून चिकटवा. फोनमध्ये सेव्ह केलेला नंबर फोन लॉक असला की कुणाच्याच कामाचा नाही. शाळकरी मुलांकडून आई-बाबांपैकी एकाचा नंबर पाढ्यासारखा घोकून घ्या. आणि त्याच कागदाच्या तळाशी आपला पूर्ण पत्ता, जवळच्या खुणेसकट लिहा. घाबरलेल्या माणसाला स्वतःच्या इमारतीचं नाव आठवत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

गॅसचा वास आला तर पहिल्यांदा काय करायचं?

काय करायचं नाही ते आधी. विजेच्या कुठल्याही बटणाला हात लावायचा नाही, चालू करायला नाही आणि बंद करायलाही नाही. वास घालवायला एक्झॉस्ट फॅन लावणं ही सगळ्यात घातक चूक, कारण बटण दाबताना पडणारी बारीकशी ठिणगी पुरते. रेग्युलेटर बंद करून काढा, सिलिंडरला टोपी लावा, दारं-खिडक्या सताड उघडा, सगळ्यांना बाहेर काढा आणि बाहेर जाऊन फोन करा. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो वर जात नाही, जमिनीलगत साचतो. म्हणून वरची झडप उघडून भागत नाही, दार उघडावं लागतं.

गॅसला स्वतःचा वास नसतो, तो मुद्दाम मिसळलेला असतो. सर्दी झालेल्या किंवा वय झालेल्या माणसाला तो येईलच असं नाही. आजी घरात एकटी असेल तर रात्री रेग्युलेटर बंद करायची सवयच बरी.

सिलिंडरवर बी-२८ असं काहीतरी लिहिलेलं असतं, ते काय?

त्या सिलिंडरची पुढची चाचणी केव्हा करायची ते. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि पुढे वर्ष. तारीख उलटून गेलेला सिलिंडर दारात आला तर परत पाठवा, तुमचा तो हक्क आहे. नळी पाच वर्षांनी बदला, ती चांगली दिसत असली तरी. गळती बघायला साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले की समजायचं. काडी ओढून बघणारे महाभाग अजूनही आहेत.

अजून एक. अधिकृत जोडणीवर अपघात झाला तर तेल कंपन्यांचा विमा लागू होतो, त्यासाठी ग्राहकाला वेगळा हप्ता नाही. मात्र अपघात झाल्यावर वितरकाला लगेच लेखी कळवावं लागतं. हे माहीत नसल्यामुळे लोक मागतच नाहीत.

बाथरूममध्ये गॅस गीझर आहे. दार लावून अंघोळ करतो. चालेल?

नाही चालणार. बंद जागेत गॅस जळताना हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. आधी डोकं जड होतं, मग हातपाय गळतात, आणि दार उघडण्याची ताकदच उरत नाही. गीझर बाथरूमच्या बाहेर बसवा. ते जमत नसेल तर हवा खेळती राहील अशी कायमची उघडी झडप हवीच. हाच धोका थंडीत खोली बंद करून पेटवलेल्या कोळशाच्या शेगडीचा. बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी ठेवायची पद्धत जुन्या, कौलारू, फटी असलेल्या घरांत एक वेळ खपून गेली. ॲल्युमिनियमच्या घट्ट खिडक्यांच्या फ्लॅटमध्ये ती करू नका, आजी कितीही रागावल्या तरी.

घरात एमसीबी आहे. मग शॉक लागणार नाही ना?

लागेल. एमसीबी, म्हणजे जादा करंट आला की आपोआप पडणारा स्विच, वायर जळू नये म्हणून असतो, माणसासाठी नाही. माणसाच्या अंगातून जमिनीकडे वाहणारा करंट एमसीबीच्या गणतीतच नसतो. त्यासाठी करंट जमिनीकडे गळायला लागला की वीज तोडणारा आरसीसीबी लागतो, तीस मिलिअँपिअरचा. त्याच्यावर ‘टेस्ट’ लिहिलेलं छोटं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबा. लाइट गेली पाहिजे, नाही गेली तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. ओल्या हातानं कूलरला हात लावणं आणि कपडे वाळत घालायची तार विजेच्या खांबाला बांधणं याबद्दल वेगळं लिहायला नको.

कढईतल्या तेलानं पेट घेतला तर?

पाणी नाही. झाकण ठेवा, गॅस बंद करा, कढई हलवू नका.

भाजल्यावर टूथपेस्ट लावायची की शाई?

दोन्ही नाही. वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं. घड्याळ लावून वीस, कारण दोन मिनिटांनी बरं वाटतं आणि आपण हात काढतो. बर्फ नको. बांगड्या-अंगठ्या सूज यायच्या आधी काढा. फोड फोडू नका.

कुत्रा नुसता ओरखडला, रक्त आलं नाही. इंजेक्शन घ्यायला हवं का?

ओरखडा दिसत असेल तर घ्या. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस वाचत नाही, जवळजवळ कधीच नाही. म्हणून इथे ‘बघू दोन दिवस’ हा पर्याय नाही. जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची भरू नका. मग दवाखाना. पहिला डोस त्याच दिवशी, पुढचे ३, ७ आणि २८ व्या दिवशी, आणि लस दंडाच्या स्नायूत घेत असाल तर १४ व्या दिवशीही. रक्त आलेल्या चाव्याला लशीबरोबर जखमेभोवती द्यायचं वेगळं इंजेक्शनही लागतं, ते आठवणीनं विचारा. तिसऱ्या डोसानंतर लोक कंटाळून सोडून देतात. मांजर किंवा माकड चावलं, ओरखडलं तरी हेच.

साप चावला तर दोरी बांधायची का?

नाही. आवळून बांधल्यानं विष थांबत नाही, पाय मात्र जाऊ शकतो. ब्लेडनं चिरणं, तोंडानं ओढणं, बर्फ लावणं हे सगळं बंद. माणसाला आडवं करा, चावलेला हात किंवा पाय फळी बांधून हलणार नाही असा ठेवा, अंगठ्या-जोडवी काढा, आणि जिथे प्रतिसर्पविष (सापाच्या विषावरचं इंजेक्शन) मिळतं त्या रुग्णालयात न्या. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात सहसा असतं. आपल्या गावाला जवळचं कुठलं, हे साप चावायच्या आधी माहीत करून घेणं हीच तयारी.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे आपल्याकडचे चार मुख्य विषारी. यांतली मण्यार फसवी. ती रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दात इतके बारीक की खूणही सापडत नाही आणि दुखतही नाही. पहाटे पोटात कळ, पापण्या जड, बोलणं अडखळतं. शेतघरात कुणाला असं झालं तर ‘काही चावलेलं आठवत नाही’ यावर विसंबू नका. जमिनीवर झोपणाऱ्यांनी मच्छरदाणी लावून ती गादीखाली खोचली तर ती डासांइतकीच मण्यारीलाही अडवते.

मांत्रिकानं विष उतरवलं असं सांगणारे भेटतात, आणि ते खोटंही बोलत नसतात. बरेच साप बिनविषारी असतात, विषारी सापही कधी कधी विष न सोडता चावतो. त्या माणसाला काहीच होणार नव्हतं. श्रेय मांत्रिकाला गेलं आणि पुढच्या माणसाचे दोन तास गेले.

आणि विंचू?

कोकणातला तांबडा विंचू लहान मुलांच्या जिवावर बेततो. दुखण्यापेक्षा दरदरून घाम, उलटी, गार पडलेले हातपाय यांकडे लक्ष ठेवा, ही हृदयावर ताण आल्याची चिन्हं. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्रॅझोसिन हे रक्तदाबावरचं औषध इथे कसं उपयोगी पडतं ते दाखवलं आणि मृत्यू खूप कमी झाले. त्यासाठी त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. औषध स्वस्त आहे, वेळेत डॉक्टरकडे पोचलं पाहिजे एवढंच.

छातीत जळजळतंय, ॲसिडिटी असेल का?

असेलही. पण जबडा, खांदा, डाव्या हाताकडे सरकणारं दुखणं, घाम आणि धाप असेल तर सोडा पिऊन वाट बघू नका. मधुमेह असलेल्यांना आणि बायकांना पुष्कळदा छातीत दुखतच नाही, नुसता थकवा आणि मळमळ. ईसीजी पाच मिनिटांत होतो. स्वतः स्कूटर चालवत दवाखान्यात जाणारे शूर असतात, पण तसं करू नये.

पक्षाघात असेल तर चेहरा वाकडा, एक हात उचलत नाही, बोलणं बोबडं. हे कधी सुरू झालं ती वेळ कागदावर लिहा. रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात. सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयातच न्या, वाटेत दोन ठिकाणी थांबू नका.

जुलाब-उलट्यांत घरी काय द्यावं?

जलसंजीवनी (ओआरएस). पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, पोह्याचा नव्हे. मीठ जास्त झालं तर लहान मुलाला अपाय होतो.

कंपनीचा आरोग्य विमा आहे. वेगळा कशाला?

नोकरी सुटली की तो सुटतो, आणि माणसं आजारी पडल्यामुळेही नोकरी सोडतात. पंचेचाळिशीनंतर नवी पॉलिसी काढायला गेलं की आधीच्या आजारांसाठी थांबावं लागतं, आता ही मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं आहे. ती तीन वर्षं नोकरी असतानाच मोजून टाका. फॉर्मवर शुगर, बीपी लपवू नका. एजंट ‘काही होत नाही’ म्हणतो, पण दाव्याच्या वेळी तो फोन उचलत नाही. पॉलिसीत एकच ओळ नीट वाचा, ती खोलीभाड्याची. मर्यादेपेक्षा महागडी खोली घेतली तर नुसता भाड्यातला फरक नाही, डॉक्टरच्या आणि शस्त्रक्रियेच्या बिलातलाही तितकाच हिस्सा कापला जातो.

विमा परवडत नसेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत, आणि आता फक्त पिवळ्या-केशरी नव्हे, पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांनाही. रुग्णालय योजनेत आहे का आणि तो आजार यादीत आहे का, हे तिथल्या ‘आरोग्यमित्रा’ला दाखल होतानाच विचारायचं. बिल भरल्यावर नाही.

हाताशी पैसे किती असावेत?

तीन ते सहा महिन्यांचा घरखर्च, हप्त्यांसकट. नोकरी एकाचीच असेल तर सहा. एफडी चालेल, पण शेअर, सोनं, भिशी हे यात मोजू नका. भिशी तर मुळीच नाही, ज्या महिन्यात गरज त्या महिन्यात आपला नंबर लागत नाही. घरात दोन-तीन हजार रोख ठेवा. पूर आला की नेटवर्क जातं आणि यूपीआय नुसतं गोल फिरत राहतं.

पतसंस्थेत व्याज जास्त मिळतं. ठेवू का?

बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळ एका ठेवीदाराला त्या बँकेत व्याजासह ५ लाखांपर्यंत देतं. ही मर्यादा फेब्रुवारी २०२० पासूनची, आधी १ लाख होती. नागरी सहकारी बँकाही यात आहेत. पतसंस्था नाहीत. पासबुक, काउंटर, कॅशिअर, गणपतीला लायटिंग, सगळं बँकेसारखं दिसतं, तरी नाहीत. दीड टक्का जास्त व्याज कशाबद्दल मिळतंय ते आता लक्षात आलं असेल. चेअरमन ओळखीचे आहेत हे तारण नव्हे.

सगळीकडे नॉमिनी लावलाय. मग मृत्युपत्र कशाला?

नॉमिनी मालक होत नाही. तो पैसे किंवा फ्लॅट ताब्यात घेतो, वारसांसाठी. शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबतही हेच, असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलं. सोसायटीनं भाग दाखला (शेअर सर्टिफिकेट) नॉमिनीच्या नावावर केला म्हणजे भावंडांचा हक्क संपला, असं नसतं. बऱ्याच घरांत भावाभावांचं बोलणं याच गैरसमजापायी थांबलंय.

मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं. स्टँप पेपर लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. सही आणि दोन साक्षीदार लागतात, आणि ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नका. शेतजमीन असेल तर मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्या. आजोबांच्या नावाचा सातबारा तिसऱ्या पिढीत निस्तरायला बसलं की वारस चाळीस होतात आणि त्यातले सहा पुण्यात, दोन दुबईत.

नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी लावता येतात. जुन्या खात्यांना एकही नसतो, ते आधी बघा. दहा वर्षं न हललेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होतात. त्या ‘उद्गम’ पोर्टलवर नावानं शोधता येतात, मोफत. माझ्या आत्याला तिथे काकांची एक एफडी सापडली. काकांनी ती कुणाला सांगितली नव्हती, कारण त्यांना ‘सरप्राइज’ द्यायचं होतं.

खात्यातून दरवर्षी ४३६ रुपये कापतात ते काय?

पंतप्रधान जीवन ज्योती विमा, कुठल्याही कारणानं मृत्यू झाला तर २ लाख. आणि २० रुपये कापत असतील तर तो सुरक्षा विमा, अपघाती मृत्यूला २ लाख. मे अखेरीला हप्ता जातो, त्या वेळी खात्यात तेवढे पैसे हवेत. पीएफ असणाऱ्यांना ईडीएलआय नावाचा आणखी एक विमा असतो, ७ लाखांपर्यंत. घरच्यांना यांतलं काही माहीत नसेल तर ते बँकेत जातात, खातं बंद करतात आणि परत येतात. एका कागदावर लिहून ठेवा. पासवर्ड नको, फक्त काय आणि कुठे.

पोलिसांचा व्हिडिओ कॉल आला, ‘डिजिटल अरेस्ट’ केलंय म्हणतात.

फोन कट करा. असा प्रकार कायद्यात नाहीच. ही माणसं तासन्‌तास कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवतात आणि कुणाला सांगू नका म्हणतात, सगळी मेख त्या ‘सांगू नका’त आहे. शेजारच्या काकूंना सांगितलं तरी फुगा फुटतो. ‘आज रात्री वीज तोडू’ असा मेसेज, व्हॉट्सॲपवर एपीके फाइलच्या (उघडली की फोनमध्ये ॲप घुसवणाऱ्या) रूपात आलेली लग्नपत्रिका, ‘पैसे घेण्यासाठी पिन टाका’, ही सगळी एकाच माळेतली. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही.

गेलेच पैसे तर लाजत बसू नका. १९३० वर लगेच, मग बँकेला. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पाचव्यात पळत असतात, पहिल्या तासात गोठवले तर परत मिळण्याची आशा असते. तुमची चूक नसताना पैसे गेले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलं तर नुकसान तुमच्या माथी येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ओटीपी स्वतः सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं.

नदीकाठी राहतो. पुराची तयारी काय?

सांगलीकरांना कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी मोजलेल्या पाणीपातळीचे आकडे पाठ असतात. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं आणि ‘२००५ ला आपल्या पायरीपर्यंतच आलं होतं’ म्हणणाऱ्यांच्या माळ्यावर पाणी चढलं. मागचा पूर हे माप धरू नका. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात रात्रीत पाणी चढलं, सामान वर ठेवायलाही वेळ मिळाला नाही. आपल्या घरात पाणी किती फुटांना शिरतं ते माहीत करून घ्या आणि त्याच्या पाच फूट आधी निघायचं ठरवून टाका.

निघताना मेन स्विच बंद, सिलिंडर बंद करून साखळीनं बांधलेला, जनावरांची दावी सोडलेली. कागदपत्रं एका जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत, चालू औषधं पंधरा दिवसांची. बँकेच्या लॉकरवर विसंबू नका. चोरी, आग, कर्मचाऱ्यांचा गैरव्यवहार यांत बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पट आहे, पण पुरासारख्या आपत्तीत बँकेचा निष्काळजीपणा नसेल तर ती नाही.

परत आल्यावर झाडू हातात घ्यायच्या आधी मोबाइल घ्या. भिंतीवरची पाण्याची रेघ, फ्रीज, धान्य, सगळ्याचे फोटो, पंचनाम्याला आणि विम्याला तेच लागतात. लाइट इलेक्ट्रिशियननं तपासल्याशिवाय चालू करू नका. पाण्यात बुडालेल्या गाडीला स्टार्टर मारू नका, इंजिनात पाणी असेल तर ते तिथेच संपतं. पायाला जखम असताना चिखलात फिरलात आणि पुढे ताप आला तर डॉक्टरला ‘पुराच्या पाण्यात होतो’ हे आवर्जून सांगा, लेप्टोचा (दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) संशय त्यावरून येतो. आणि घराचा विमा? ‘भारत गृह रक्षा’ नावाची ठरावीक पॉलिसी २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळते, पूर, आग, भूकंप त्यात येतात. गाडीचा विमा काढून घराचा न काढणारे आपण.

वळवाच्या पावसात शेतात असताना वीज कडाडली तर?

झाडाखाली नको. पक्क्या घरात किंवा बंद गाडीत. काहीच नसेल तर पाय जुळवून उकिडवे बसा, आडवं पडू नका. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आसपासच्या विजेचा इशारा देतं, मोफत आहे.

आई-बाबा गावाकडे, आम्ही अमेरिकेत. काय करून ठेवावं?

त्यांची खाती दोघांच्या नावावर आणि ‘दोघांपैकी कुणीही’ अशा सूचनेची हवीत. एकट्या बाबांच्या नावावरचं खातं ते आयसीयूत असताना तुम्हाला उघडता येत नाही. मुखत्यारपत्र केलं असेल तर ते माणसाबरोबर संपतं, मृत्यूनंतर वापरणं बेकायदेशीर. घराची एक किल्ली शेजाऱ्याकडे. रोजच्या गोळ्यांची यादी देवघराच्या दाराला. आणि शेजाऱ्याचा नंबर तुमच्याकडे, त्याला तुमचा. दिवाळीला त्यांच्यासाठीही मिठाई आणत जा.

हे सगळं किती वेळा तपासायचं?

वर्षातून एकदा पुरतं, पण दिवस ठरलेला हवा. आमच्याकडे खंडेनवमी आहे. गाडी, कोयता, शिवणयंत्र पुजायला बाहेर काढतोच, त्याच पाटावर प्रथमोपचाराची पेटी, टॉर्च आणि तो कागद येतो. गोळ्यांच्या तारखा बघतो, आरसीसीबीचं बटण दाबतो. मग मुलांपैकी एकाला रेग्युलेटर काढून परत लावायला सांगतो. गेल्या वर्षी धाकटीला तीन मिनिटं लागली.